‘सो जेलस!’ लिहिलंत, तेव्हा नेमकं काय दुखलं?

पत्र: मी सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात प्राथमिक शाळेत शिकवते. वय ४१. पहिलीपासून दहावीपर्यंत माझ्याच बाकावर बसलेली मैत्रीण गेली नऊ वर्षं डब्लिनला असते. गेल्या महिन्यात त्यांनी तिथं घर घेतलं. वास्तुशांतीचा व्हिडिओ तिनं आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. मी खाली लिहिलं, ‘सो जेलस!’ आणि पुढं एक हसरा चेहरा. तिच्या तेरा वर्षांच्या मुलीनं आईच्या फोनवरून लगेच लिहिलं, ‘मावशी, यू मीन एन्व्हियस. जेलस इज डिफरंट.’ सगळे हसले, मीही हसले. पण त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. घर बघून पोटात कालवलं हे खरं. त्याहून जास्त कालवलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. व्हिडिओत तिची तिथली एक मैत्रीण ओट्यापाशी पुरणपोळ्या लाटत होती आणि माझी मैत्रीण तिला ज्या नावानं हाक मारत होती, ते आमचं नाव आहे. लहानपणापासून ती फक्त मला त्या नावानं हाक मारते. या दोन इंग्रजी शब्दांत फरक काय? मला वाटलं ते कोणतं? आणि मी वाईट मनाची आहे का? – बाकावरची मैत्रीण

प्रिय ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, म्हणजे पुढचं निवांत वाचता येईल. नाही, तुम्ही वाईट मनाच्या नाही. एकाच रात्री तुम्हाला दोन निरनिराळ्या गोष्टी दुखल्या आणि दोन्हींसाठी हाताशी एकच शब्द होता, म्हणून त्यांचा गुंता झाला. तो सुटला की दोन्ही दुखणी आपापल्या जागी दिसतील. त्यांवरचे उपायही वेगवेगळे आहेत, म्हणून मला या शब्दांच्या फरकाची एवढी काळजी वाटते. नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी काय लिहिलं याला फार महत्त्व नसतं.

आता त्या मुलीचं. तिचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. ‘जेलस’ हा शब्द ‘हेवा वाटणारा’ या अर्थानं इंग्रजीत शेकडो वर्षं वापरात आहे आणि आजच्या शब्दकोशांतही तो अर्थ असतो. मैत्रिणीचे सहलीचे फोटो बघून ‘सो जेलस’ म्हणणाऱ्या बायका इंग्लंड-आयर्लंडमध्येही घरोघरी आहेत. त्यामुळं तुमचं इंग्रजी चुकलं असं कुणी म्हणू नये, तुम्हीही म्हणू नका. पण हा रस्ता एकेरी आहे. ‘जेलस’ हा शब्द ‘एन्व्हियस’च्या घरात शिरतो, ‘एन्व्हियस’ला मात्र ‘जेलस’च्या घरात प्रवेश नाही. बायको कुणाशी दोन शब्द बोलली की ज्याचं डोकं फिरतं त्या नवऱ्याला जेलस म्हणतात, एन्व्हियस कुणीही म्हणणार नाही. म्हणजे ‘जेलस’ला स्वतःचा असा एक अर्थ आहे, जो दुसऱ्या शब्दाला पेलत नाही. त्या मुलीला शाळेत तोच शिकवला असणार.

तो अर्थ असा. एन्व्हीत माणसं दोन: मी आणि ती. तिच्याकडं काहीतरी आहे, माझ्याकडं नाही, आणि ते नसणं मला टोचतंय. जेलसीत माणसं तीन: मी, माझं माणूस आणि मध्ये येऊ पाहणारी तिसरी व्यक्ती. इथं माझ्याकडं काहीतरी आहे आणि ते जाईल की काय, याची भीती आहे. एकात रिकामा हात आहे, दुसऱ्यात घट्ट मिटलेली मूठ. मेलनी क्लाइन या मनोविश्लेषक बाईंनी १९५७ साली एन्व्ही आणि कृतज्ञता या विषयावर एक पुस्तक लिहिलं, त्यात त्यांनी या दोन भावना अशाच दोन आणि तीन माणसांच्या हिशेबानं वेगळ्या केल्या आहेत. एवढा एक हिशेब लक्षात ठेवलात तरी बहुतेक ठिकाणी शब्द चुकणार नाही.

मग आपल्याकडं इतका गोंधळ का होतो? यात माझाही वाटा आहे, तो कबूल करते. मी एकतीस वर्षं मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. फळ्यावर मी लिहायची: एन्व्ही म्हणजे हेवा, जेलसी म्हणजे मत्सर. मुली वहीत उतरवून घ्यायच्या. आम्हालाही आमच्या बाईंनी तसंच लिहून दिलेलं. त्यातून मुलींच्या मनात काय ठसत असेल? की हे दोन्ही एकाच भावनेचे कमी-जास्त अंश आहेत, एन्व्ही सौम्य आणि जेलसी जहाल. प्रत्यक्षात तसं नाही. घनदाट, कडवट एन्व्ही असू शकते आणि अगदी हलकी, क्षणभराची जेलसीही असते. मूल आईच्या मांडीवर बसलेल्या दुसऱ्या बाळाला ढकलतं, ती जेलसीच. आपले मराठी शब्द विष मोजतात, इंग्रजी शब्द माणसं मोजतात. हे मला फार उशिरा कळलं, नोकरीची शेवटची चार-पाच वर्षं राहिली असताना.

विष मोजण्यात मात्र मराठी पक्की आहे, हे अभिमानानं सांगते. ‘मला तुझा हेवा वाटतो’ हे आपण समोरच्याला तोंडावर सांगतो आणि तिला ते कौतुक वाटतं. ‘मला तुझा मत्सर वाटतो’ असं कुणी सांगतं का? हेवा हसून सांगता येतो, मत्सर लपवावा लागतो. षड्रिपूंच्या यादीत शेवटी बसला आहे तो मत्सर, हेवा तिथं नाही. इंग्रजीत या दोन्हींना एकच ‘एन्व्ही’. डच भाषेत आपल्यासारखेच दोन शब्द आहेत, एक बरा आणि एक वाईट, आणि त्याच जोरावर नेदरलँड्समधल्या नील्स फान दे फेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली अभ्यास करून दाखवलं की या खरोखर दोन वेगळ्या भावना आहेत. एकीत माणूस स्वतः वर चढू पाहतो, दुसरीत समोरच्याला खाली ओढू पाहतो. ते वाचताना मला वाटलं, आमच्या आजीला हे ठाऊक होतं.

आणि त्याहूनही जुन्या लोकांना ठाऊक होतं. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात एक अर्धी ओळ आहे: ‘अक्षान्तिरीर्ष्याऽसूया तु दोषारोपो गुणेष्वपि’. दुसऱ्याचं चांगलं सहन न होणं म्हणजे ईर्ष्या. आणि दुसऱ्याच्या गुणांवरही दोष लादणं म्हणजे असूया. ही दुसरी व्याख्या मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून बसले होते. आमच्या शाळेतल्या एका सहकारी बाईंना जिल्ह्याचा शिक्षक पुरस्कार मिळाला होता. त्या माझ्यापेक्षा चांगलं शिकवायच्या, मला ते माहीत होतं. पण पुढचे कित्येक महिने मी त्यांच्या पाठात काय खटकतं तेच शोधत होते. मुलं फार हसतात, म्हणजे शिस्त नाही. साहित्य फार वापरतात, म्हणजे दिखावा आहे. गुण होते तेच मला दोष दिसायला लागले होते. त्याला मी त्या वेळी ‘स्पष्ट मत’ म्हणत होते. त्याचं नाव असूया होतं.

असूया म्हटलं की आपल्या माणसाला अनसूया आठवते. जिच्या ठायी असूया नाही ती, अत्री ऋषींची पत्नी, दत्ताची आई. माहूरला दत्तशिखराबरोबर अनसूयामातेचंही दर्शन घेतात. कीर्तनात तिची गोष्ट सांगतात ती नीट ऐका. नारदानं तिच्या पातिव्रत्याची स्तुती केली, ती तिन्ही देवांच्या बायकांना सोसली नाही, आणि त्यांनी आपापल्या नवऱ्यांना तिची परीक्षा घ्यायला धाडलं. तिनं त्यांचं काही घेतलं नव्हतं, त्यांच्या संसारात ती डोकावलीही नव्हती. तिची स्तुती झाली, एवढंच. ही शुद्ध एन्व्ही आहे, जेलसीचा यात लवलेश नाही. आणि ज्या बाईवर असूयेचा एवढा मारा झाला तिचंच नाव अनसूया.

आता इंग्रजी शब्दांच्या पोटात शिरू. ‘एन्व्ही’ आला लॅटिनमधल्या ‘इन्विदिया’वरून, आणि त्याच्या मुळाशी आहे ‘विदेरे’, म्हणजे पाहणं. वाकड्या नजरेनं पाहणं, असं समजा. रोमन लोकांत इन्विदियाचा संबंध थेट वाईट नजरेशी होता. म्हणजे आपली दृष्ट. नव्या घरावर आपण काळी बाहुली टांगतो, बाळाला तीट लावतो, मीठ-मोहरी ओवाळून टाकतो, आणि दुसऱ्याचं बरं चाललेलं ‘डोळ्यांत सलतं’ असं म्हणतो. इटलीत पादुआ गावच्या चॅपेलमध्ये जोत्तो या चित्रकारानं १३०५च्या सुमारास एन्व्ही बाईच्या रूपात रंगवली. तिच्या तोंडातून साप निघतो आणि वळून तिच्याच डोळ्यांवर चाल करतो. दान्ते या इटालियन कवीनं तर असूया करणाऱ्यांचे डोळे तारेनं शिवून टाकलेले दाखवले आहेत. सगळीकडं डोळाच. आणि तुमच्या बाबतीत एक गोष्ट मला फार लागली: त्याच ‘विदेरे’पासून ‘व्हिडिओ’ हा शब्द झाला आहे. तुम्ही जे पाहिलंत, त्यातूनच पहिलं दुखणं आलं.

‘जेलस’ची वाट वेगळी. ग्रीकमधला ‘झेलॉस’ लॅटिनमध्ये गेला, तिथून जुन्या फ्रेंचमध्ये आणि मग इंग्रजीत. त्याच झेलॉसपासून ‘झेलस’ म्हणजे तळमळीनं काम करणारा, हाही शब्द निघाला. दोघे सख्खे भाऊ. म्हणून ‘जेलस’मध्ये ऊब आहे, आपल्या गोष्टीबद्दलची ओढ आहे. बायबलमधल्या दहा आज्ञांमध्ये देव स्वतःला ‘जेलस गॉड’ म्हणवतो, त्याचा अर्थ त्याला कुणाचं काही हवं आहे असा नाही. माझी माणसं मी दुसऱ्याला देणार नाही, असा आहे. इंग्रजीत ‘जेलसली गार्डेड’ म्हणतात, एखादं गुपित किंवा एखादा हक्क डोळ्यांत तेल घालून जपला असेल तर. तिथं ‘एन्व्हियसली’ चालणारच नाही, कारण जे आपल्याकडं नाही ते जपणार कसं? उलट ‘एन्व्हिएबल’ म्हणजे हेवा वाटावा असं: एन्व्हिएबल पगार, एन्व्हिएबल आवाज. ‘जेलस’पासून असा शब्द होत नाही. शंका आली की हे दोन शब्दप्रयोग आठवा. मुलांना व्याख्या पाठ करायला लावण्यापेक्षा हे जास्त टिकतं, माझा अनुभव आहे. फ्रेंच लोक तर तिरप्या फळ्यांच्या खिडकीलाही ‘जालुझी’ म्हणतात. आतल्यानं बाहेर बघावं, बाहेरच्याला आतलं दिसू नये, अशी ती झडप. आपल्या माणसावर पहारा ठेवणाऱ्याला असलीच खिडकी लागते.

आणि इथं मराठी जरा तोकडी पडते, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. या तीन माणसांच्या दुखण्याला आपल्याकडं एक स्वतंत्र, रोजच्या वापरातला शब्द नाही. ‘सवतीमत्सर’ आहे, अगदी अचूक आहे, पण तो सवतींपुरता. नवरा-बायकोत असेल तर आपण ‘संशय’ म्हणतो. गोविंद बल्लाळ देवलांनी शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’ नाटकावरून १८९० साली ‘झुंझारराव’ लिहिलं, ती जेलसीची शोकांतिका. आणि तीच भावना हसत-खेळत रंगवली ते ‘संगीत संशयकल्लोळ’ रंगभूमीवर आलं १९१६ साली. नावातच संशय. एका नाटककारानं एकाच भावनेची रडकी आणि हसरी अशी दोन्ही टोकं मराठीत आणली, पण तिला शब्द मिळाला तो संशयच. संशय हा जेलसीचा एक भाग झाला. आईचं लक्ष धाकट्याकडं गेलं म्हणून रुसणाऱ्या मुलीला संशयी म्हणता येईल का? तुम्हाला म्हणता येईल का? नाही येत. म्हणून तुमच्या-आमच्या तोंडी ‘जेलस’ हा शब्द येतो, आणि येऊ दे. तो आपल्याला हवा आहे. फक्त त्याला त्याच्या जागी बसवूया.

ऑथेल्लोचा विषय निघालाच आहे तर एवढं सांगते की या दोन्ही भावना त्या एकाच नाटकात शेजारी शेजारी आहेत. सेनापती ऑथेल्लोला भीती आहे की बायको डेस्डिमोना आपली राहिली नाही, ती जेलसी. त्याच्या हाताखालच्या इयागोला सलतं की आपल्याला हवं असलेलं पद कॅशिओ या दुसऱ्या अधिकाऱ्याला मिळालं, ती एन्व्ही. शेवटाकडं इयागो कॅशिओबद्दल म्हणतो, त्याच्या रोजच्या जगण्यात असं एक सौंदर्य आहे की त्यापुढं मी कुरूप दिसतो. एन्व्हीचं याहून खरं वर्णन मी वाचलेलं नाही. आणि जेलसीला ‘हिरव्या डोळ्यांचा राक्षस’ म्हणून तिच्यापासून जपायला सांगतो तोही इयागोच. आज इंग्रजीत ‘ग्रीन विथ एन्व्ही’ म्हणतात, म्हणजे हिरवा रंग दोघींनी वाटून घेतला. गोंधळ त्यांच्याकडंही आहे, तुम्ही एकट्या नाही.

हा गोंधळ निव्वळ शब्दांचा नाही. जेरड पॅरट आणि रिचर्ड स्मिथ या मानसशास्त्रज्ञांनी १९९३ साली या दोन भावना एकमेकींपासून सोडवून पाहिल्या. एन्व्हीत त्यांना सापडलं ते कमीपणा, हुरहुर, मनातली चिडचिड आणि ती वाटते याचीच लाज. जेलसीत सापडली ती गमावण्याची भीती, अविश्वास, घालमेल, राग. पण जेलसी जिथं असते तिथं बऱ्याचदा एन्व्हीही सोबत असते. ते साहजिक आहे, नाही का? जी तिसरी व्यक्ती आपलं माणूस नेते, तिच्यात आपल्यात नसलेलं काहीतरी असावं असं आपल्याला वाटतंच. सत्यभामेचं घ्या. नारदानं आणलेलं पारिजाताचं फूल कृष्णानं रुक्मिणीला दिलं, तेव्हा सत्यभामेला एका फुलाची ददात नव्हती. आपला कृष्ण दुसरीचा झाला की काय, हे तिचं दुखणं होतं. ती जेलसी. मग तिनं हट्टानं अख्खं झाड आणवलं, आपल्या अंगणात लावलं, आणि फुलं पडायला लागली रुक्मिणीच्या अंगणात. आता दुसरीचं फुलांनी भरलेलं अंगण बघून जे वाटलं असेल, त्यात एन्व्हीही मिसळली. तिनं जेलसीवर एन्व्हीचा उपाय केला होता. तिला माणूस हवं होतं, तिनं झाड मागितलं. म्हणून ते झाड तिला पुरलं नाही.

ताई, मला तुमच्याबाबत हीच भीती वाटते. तुमच्या पत्रात घरावर चार शब्द आहेत आणि हाकेवर चार ओळी.

आधी घराचं बघू. तो हेवा, एन्व्ही, आणि तीही सौम्य जातीची. अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो की माणूस हेवा करतो तो आपल्या बरोबरीच्यांचा. त्याच्याही आधी हेसिअड या कवीनं लिहिलं होतं की कुंभार कुंभारावर जळतो. राजावर जळणारा कुंभार मिळणार नाही. तुमच्याच बाकावर बसलेल्या मुलीनं डब्लिनला घर घेतलं, तर पोटात कालवणारच, कारण तुम्ही दोघी एकाच रेषेवरून पळायला सुरुवात केली होती. त्याची लाज बाळगू नका. त्यापेक्षा एक करा. कागद घ्या आणि त्या व्हिडिओतलं नेमकं काय हवंसं वाटलं ते लिहा. ‘घर’ असं लिहू नका, खोलात जा. भरपूर उजेड हवा होता? स्वतःच्या नावाची पाटी? नवरा हातात पाट घेऊन मदतीला उभा होता, ते? की कर्जाचा हप्ता भरूनही चेहऱ्यावर काळजी नव्हती, ते? माझ्या ओळखीच्या एका बाईंनी असं लिहायला घेतलं आणि त्यांना कळलं की त्यांना बहिणीचा बंगला नको होता, बंगल्यातली दार लावून बसता येईल अशी एक खोली हवी होती. तसं असेल तर हेव्यानं तुम्हाला पत्ता दिला, त्या दिशेनं दोन पावलं टाकता येतील. आणि यादीत असं काही निघालं की जे तुम्हाला मिळण्यासारखं नाही, तर तेवढ्यापुरतं वाईट वाटून घ्या. त्याला वेळ लागेल, लागू दे.

फक्त एका गोष्टीवर लक्ष ठेवा. ‘एवढं मोठं घर, पण साफसफाई कोण करणार’, ‘तिकडं काय, सारखा पाऊस’, ‘आईबाप इथं एकटे आणि ही तिथं’ अशी वाक्यं मनात यायला लागली, तर सावध व्हा. तिथं हेवा संपतो आणि असूया सुरू होते. पुरस्कार मिळालेल्या बाईंच्या बाबतीत मी ती वेळेवर ओळखली नाही. त्या आता हयात नाहीत, त्यामुळं त्यांना सांगताही येत नाही.

आता हाक. ही जेलसी आहे, पुरती आणि नेमकी, आणि कोशात शोधूनही हिला दुसरा शब्द मिळणार नाही. इथं माणसं तीन आहेत, आणि जे जाईल असं वाटतं ते तुमचं स्वतःचं आहे. ते नाव तुमचं होतं. त्या पोळ्या लाटणाऱ्या बाईंकडं तुमच्याहून काय जास्त आहे याचा शोध घेऊ नका, त्यातून हाती काही लागत नाही आणि मन मात्र खराब होतं. त्यांनी काही हिसकावलंही नाही. बहुधा त्यांना ठाऊकही नाही की ते नाव कुणाचं आहे. आणि तुमच्या मैत्रिणीचं म्हणाल, तर माझा तर्क सांगते. परक्या देशात नऊ वर्षं राहून एखादी पुरणपोळी लाटू शकणारी मैत्रीण मिळाली, तिला कुठल्या नावानं हाक मारावी असा प्रश्न पडला असेल, तर तोंडात तेच आलं जे सगळ्यात जवळच्या माणसाचं होतं. तुमची जागा रिकामी होती म्हणून तिनं ते नाव दुसरीला दिलं असं मला वाटत नाही. तिला तुमची आठवण येत होती म्हणून दिलं असं वाटतं. मी चुकत असेन, पण हे तिला विचारल्याखेरीज तुम्हालाही कळणार नाही.

म्हणून हेव्यावरचा उपाय कागद आहे, आणि जेलसीवरचा उपाय फोन. हेवा तिला सांगितलाच पाहिजे असं नाही, तो तुमचा तुम्हाला निस्तरता येतो. हे मात्र एकटीनं बसून सुटत नाही, कारण यात ती आहे. मनात ठेवलंत तर तुम्ही त्या तिरप्या फळ्यांच्या खिडकीआड जाऊन बसाल, तिचे फोटो बघाल, कोण कुणाशेजारी उभं आहे ते मोजाल, आणि ग्रुपवर हसरे चेहरे टाकत राहाल. मी अशा दोन मैत्र्या संपलेल्या पाहिल्या आहेत. एकाही मैत्रीत भांडण झालं नव्हतं.

ग्रुपवर काही लिहू नका. आयर्लंडची वेळ आपल्यामागं आहे, उन्हाळ्यात साडेचार तास, हिवाळ्यात साडेपाच. रविवारी दुपारी तुमची जेवणं उरकली की तिची सकाळ असते, तेव्हा लावा. आणि मराठीतच बोला. साधारण असं: ‘घर फार छान आहे गं, खरंच हेवा वाटला. पण तू तिला आपल्या नावानं हाक मारलीस ना, ते मला लागलं. तुला ओरडायला फोन केला नाही. लागलं ते सांगायला केला.’ एवढं बोलून थांबा. पुढचं तिला बोलू द्या. त्या दुसऱ्या बाईंबद्दल एकही वाकडा शब्द नको, नाहीतर ती त्यांची बाजू घेत बसेल आणि तुमचं राहून जाईल.

मुलीलाही उत्तर द्या. तेरा वर्षांच्या मुलीला वाटेल की मावशी रागावली. तिला लिहा की तू बरोबर होतीस, आणि मावशीही चुकली नव्हती. घराबद्दल मावशी एन्व्हियस होती, पण दुसऱ्या एका गोष्टीबद्दल खरोखर जेलस होती, ती कोणती ते आईला विचार. मुलगी विचारेल. या वयाच्या मुली विचारल्याशिवाय राहत नाहीत, आणि तुम्हाला फोन करायचा धीर झाला नाही तर निदान तिकडून येईल.

ते नाव तुम्ही मला पत्रात लिहिलं नाहीत. बरं केलंत. कुणालाच लिहू नका. फोन उचलल्यावर ती काय म्हणते तेवढं ऐका, आणि तिनं त्याच नावानं हाक मारली तर मला एका ओळीचं पत्र टाका.

तुमची,
सदरातली बाई